काट्यामागची वायर: १९७२ च्या एका शेवरोले पिकअपची तपासणी

शुक्रवारी रात्री नऊला भाऊंचा फोन आला. "अरे, उद्या सकाळी मोकळा आहेस का? एक पिकअप बघायला जायचंय. १९७२ चा शेवरोले सी१०. विकणारा म्हणतो, त्यात टॅक आहे आणि ते कारखान्यातूनच आलेलं आहे."

भाऊ म्हणजे आमच्या दक्षिण मिशिगनमधल्या मराठी मंडळींतले सगळ्यांत जुने. खरं नाव वेगळं, पण इथे सगळे त्यांना भाऊच म्हणतात. मूळचे सांगलीचे, उभं आयुष्य लेथ आणि मिलिंग मशिनांच्या धंद्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर एक जुना अमेरिकन पिकअप घ्यायचा आणि तो स्वतःच्या हाताने उभा करायचा, हे त्यांच्या मनात बरेच दिवस घोळत होतं. मी पोटासाठी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, आणि १९६७ ते १९७२ या सालांतले शेवरोले आणि जीएमसी पिकअप हा माझा नाद आहे. म्हणून फोन मला.

विकणाऱ्याने ट्रकची एक किंमत सांगितली होती आणि टॅकचे तिच्यावर १,५०० डॉलर वेगळे लावले होते. टॅक म्हणजे टॅकोमीटर, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारं मीटर. आज साध्या मोटारसायकलवरही असतं. एवढ्याशा मीटरचे लाखाच्या वर रुपये कोण मोजेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. म्हणून आधी ते इतकं दुर्मिळ का, हे सांगतो.

त्या काळी अमेरिकेत पिकअप हे शेतकऱ्याचं, सुताराचं, प्लंबरचं अवजार होतं. डीलरसमोर बसून ऑर्डरचा फॉर्म भरताना गिऱ्हाईक प्रत्येक जादा वस्तूला हात आखडता घ्यायचं. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या, म्हणजे जीएमच्या, भाषेत या जादा वस्तूंना आरपीओ म्हणतात, आणि प्रत्येकीला अक्षर-आकड्यांचा एक कोड असतो. एन४० म्हणजे पॉवर स्टीअरिंग, यू६३ म्हणजे एएम रेडिओ, झेड५३ म्हणजे मीटरांचा संच, यू१६ म्हणजे टॅकोमीटर. यातलं काहीच न मागता घेतलेल्या ट्रकमध्ये काट्याचं असं स्पीडोमीटर आणि इंधनाचं मीटर एवढंच. ऑइलचं प्रेशर, पाण्याचं तापमान आणि चार्जिंग यांच्यासाठी नुसते लाल दिवे. इथले मेकॅनिक त्यांना 'इडियट लाइट' म्हणतात, कारण दिवा लागतो तेव्हा बऱ्याचदा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. झेड५३ घेतलं की या तीन दिव्यांच्या जागी तीन खरे काटे यायचे. त्याहून पुढे जाऊन टॅक मागणारा माणूस विरळा. शेणखत आणि लाकूड वाहणाऱ्या ट्रकला इंजिनचे फेरे मोजायची गरजच काय, हा व्यवहारी विचार होता आणि तो चुकीचा नव्हता.

या पिढीत व्हॅक्यूम गेज लावलेले काही ट्रकही सापडतात, आणि ते मला टॅकपेक्षाही लाडके आहेत. हवा ओढताना इंजिन आत किती पोकळी (व्हॅक्यूम) तयार करतंय ते हा काटा पाऱ्याच्या इंचांत दाखवतो. ठाकठीक इंजिन जागेवर चालू असलं की काटा साधारण १७ ते २१ च्या मध्ये स्थिर उभा राहतो. पाय जोरात दाबला की खाली पडतो. कुठलाही व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर ठराविक लयीत थरथरतो. पेट्रोल वाचवून चालवायचं असेल तर काटा वर ठेवायचा, बस. एका काट्यात अख्ख्या इंजिनची नाडी.

डॉजने १९६४ मध्ये याच्या अगदी उलट टोकाला जाऊन पाहिलं होतं. त्यांच्या कस्टम स्पोर्ट्स स्पेशल पिकअपवर हाय परफॉर्मन्स पॅकेज घेतलं की ४२६ घनइंचाचं, ३६५ हॉर्सपॉवरचं इंजिन यायचं आणि त्याबरोबर टॅकही. तिथे टॅकला अर्थ होता. सी१० वर ते मागणारा माणूस मात्र बहुधा स्वतःच्या हौसेने मागत असे, आणि त्या हौसेची किंमत पन्नास वर्षांनी वाढली आहे.

अडचण अशी की आज या ट्रकसाठी सगळं नवं बनवून मिळतं. टॅक, मीटरमागचं छापील सर्किट, वायरिंगचा हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा), काच, स्क्रूसुद्धा. एका शनिवारी बसलं तर दिव्यांचा डॅशबोर्ड काढून टॅकचा बसवता येतो. पुढून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. त्यामुळे "कारखान्यातून आलेलं आहे का" या प्रश्नाचं उत्तर काचेकडे बघून मिळत नाही. कारखान्याने बसवलेलं मीटर म्हणजे इंजिनपासून त्या काट्यापर्यंत आलेली अख्खी वाट, आणि तपासायची असते ती वाट.

शनिवारी सकाळी निघालो. सोबत टॉर्च, दंतवैद्याकडे असतो तसा दांड्याचा छोटा आरसा, मल्टिमीटर आणि माझा जुना ड्वेल-टॅक मीटर, म्हणजे इंजिनचे फेरे बाहेरून जोडून मोजायचं मीटर. भाऊंनी थर्मासमध्ये चहा आणि डब्यात वहिनींचे थालीपीठ घेतले होते.

ट्रक एका शेतावरच्या लाकडी कोठारात उभा होता. विकणारे गृहस्थ पंच्याहत्तरीच्या पुढचे. ट्रक त्यांच्या थोरल्या भावाचा, तो आता वारलेला. त्या भावाने तो १९८० च्या सुमारास दुसऱ्याकडून घेतला होता आणि टॅक कारखान्याचं आहे हे तोच नेहमी सांगायचा. माणूस सरळ होता. त्याने आम्हाला हवं ते उघडून बघायला मोकळीक दिली आणि स्वतः एका उलट्या बादलीवर बसून राहिला.

पहिलं काम कागदाचं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर गाडीचा क्रमांक असतो. तो सीसीई१४२एफ असा सुरू होत होता. या वर्षीचा क्रमांक अक्षर लावून वाचता येतो. पहिला सी म्हणजे शेवरोले, दुसरा सी म्हणजे मागच्याच चाकांना जोर देणारा साधा ट्रक (फोर-व्हील असता तर तिथे के आला असता), ई म्हणजे व्ही-आठ इंजिन (सहा सिलिंडर असतं तर एस), १ म्हणजे अर्ध्या टनाचा, ४ म्हणजे केबिनसह पिकअप, २ म्हणजे १९७२ आणि एफ म्हणजे फ्लिंट. फ्लिंट आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. याच गावात १९३६-३७ च्या हिवाळ्यात जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यांत ४४ दिवस बैठा संप केला होता. सांगलीत, कोल्हापुरात ज्यांनी गिरण्यांचे संप जवळून पाहिले, त्यांना फ्लिंटमध्ये गेल्यावर फार परकं वाटत नाही. भाऊ तिथून जाताना दर वेळी गाडी हळू करतात.

ई हे अक्षर मी वहीत लिहून ठेवलं. पुढे तेच कामी आलं.

दुसरा कागद ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. १९६७ पासून जीएमच्या ट्रकांना तिथे एक स्टिकर चिकटवलेलं असे. त्यावर गाडीचा क्रमांक, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर आणि कारखान्यात बसवलेल्या जादा वस्तूंचे कोड. पुढे कधी पार्ट लागला तर डीलरने चुकीचा देऊ नये, एवढ्यासाठीच. आज तोच ट्रकचा जन्मदाखला झाला आहे. फ्लिंटमध्ये बनलेल्या ट्रकचा असा तपशील जीएमकडे मागून मिळत नाही. तोच ट्रक कॅनडात ओशावाला बनला असता तर जीएम कॅनडाकडून गाडीचा मूळ कागद मागवता आला असता.

स्टिकर होतं. वरचा क्रमांक दाराच्या पट्टीशी जुळला. अंतर १२७ इंच, म्हणजे लांब हौद्याचा, तेही बरोबर. एन४० दिसत होतं. यू६३ दिसत होतं. झेड५३ दिसत होतं, आणि त्याच्यापुढे मीटरसाठीचा इंग्रजी शब्द 'गेज' (gauge) जीएमच्या पद्धतीने, 'यू' अक्षर गाळून छापलेला. अशी बारीक खूण नकली स्टिकर बनवणाऱ्याच्या ध्यानात नेहमी राहतेच असं नाही. पण खालचा उजवा कोपरा उंदराने कुरतडलेला होता, तळहाताएवढा. यू१६ कुठे छापलेलं असलंच तर ते त्या कोपऱ्यात.

भाऊ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "म्हणजे अर्धी पत्रिका आहे आणि अर्धी उंदराने खाल्ली."

"अर्धी तरी आहे, भाऊ," मी म्हटलं. "मीटरांचा संच कारखान्याचा, हे कागद सांगतोय. टॅकचं आता पत्र्याला विचारू."

चार्जिंगचा काटा

टॅककडे वळण्याआधी एक दुसरी गोष्ट खटकत होती. चार्जिंग दाखवणारा काटा मेलेला होता. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावले, काटा बरोबर मध्यावर, ढिम्म. विकणारे म्हणाले, तो भावाच्या हयातीतही कधी हलला नाही.

आपल्याकडच्या जुन्या जीपमध्ये ज्यांनी हात घातलाय, त्यांच्या डोक्यात 'अँपिअर मीटर' म्हटलं की जाडजूड वायर येते. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये चार्जिंगचा सगळा करंट मीटरमधून फिरूनच बॅटरीकडे जायचा. माझ्या मामांच्या गॅरेजमध्ये वायरमन जीपचा डॅशबोर्ड उघडला की पहिल्यांदा त्या मीटरमागचे नट आवळून बघायचा, कारण ते सैल झाले की तिथेच तापून वायर जळायची. अँपिअर मीटर म्हणजे डॅशबोर्डमागे ठेवलेला निखारा, असं तो म्हणायचा.

शेवरोलेच्या या पिढीने निखारा केबिनमध्ये आणलाच नाही. त्यांचा चार्जिंगचा काटा शंट पद्धतीचा. जाड वायर इंजिनच्याच बाजूला राहते. तिच्या एका ठराविक लांबीच्या दोन टोकांना दोन बारीक वायरी जोडलेल्या असतात. करंट वाहू लागला की त्या लांबीत अगदी किंचित व्होल्टेज पडतं, आणि काटा तेवढंच मोजतो. मोठा करंट मोजायचा, पण हात लावायचा नाही. शिवाय त्या दोन्ही बारीक वायरींवर इंजिनकडेच ४ अँपिअरचा एकेक फ्यूज. पत्र्याला घासून वायर उघडी पडली तरी आग नाही, फ्यूज जाईल एवढंच. मी रोज आजच्या गाड्यांचं वायरिंग करतो आणि तरी हे छोटंसं शहाणपण बघितलं की दर वेळी बरं वाटतं.

हार्नेसमध्ये बोटं घालून ते दोन्ही फ्यूज शोधले. एक ठीक होता. दुसऱ्याच्या धारकात हिरवट गंज, काचेच्या नळीतली तार तुटलेली. धारक घासून साफ केला, नवा फ्यूज घातला, हेडलाइट लावले. काटा डावीकडे सरकला आणि तिथेच थांबला. कोठारातल्या त्या बादलीवरून आवाज आला, "हलला की!" त्या गृहस्थांनी तो हललेला पहिल्यांदाच पाहिला होता.

ही दुरुस्ती पाच मिनिटांची, पण तपासणीच्या दृष्टीने तिचं वजन मोठं. हे दोन फ्यूज मीटरवाल्या ट्रकच्याच हार्नेसमध्ये असतात. दिव्यांच्या ट्रकमध्ये त्यांना कामच नाही. वायरींवरची जुनी टेप, त्यावर बसलेली पन्नास वर्षांची तेलकट धूळ, सगळं एकसंध होतं. मध्येच कुठे उघडून पुन्हा गुंडाळल्याची खूण नाही. ऑइल प्रेशरचंही तसंच. या ट्रकांत ते मीटर विजेवर चालत नाही. इंजिनमधून एक बारीक नळी थेट मीटरच्या पाठीपर्यंत जाते आणि तिच्यातून खरोखरचं ऑइल, इंजिनच्या प्रेशरने, केबिनमध्ये येतं. नळी गळली तर पायाशी ऑइलचा थेंब पडतो, त्यामुळे हौशी माणूस मीटर बसवताना बहुधा विजेचं बसवून मोकळा होतो. इथे मूळची नळी होती, फायरवॉलमधल्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातल्या, रबरी बुचातून आत गेलेली. ते बूच सरकवून आरशात बघितलं तर भोकाच्या कडेवर आतपर्यंत ट्रकचाच रंग चढलेला होता.

ही रंगाची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळा निकाल तिच्यावर लागला. कारखान्यात पत्र्याला भोकं आधी पडतात, रंग नंतर लागतो. त्यामुळे कारखान्याच्या भोकाची कड रंगाने गोलसर, गुळगुळीत झालेली असते. घरी ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड नागडी राहते. तिथे गंज धरतो, आणि आतल्या बाजूला पत्र्याची धारदार कोर उभी राहते. बोट फिरवलं की कळतं. त्या कोरेला कुणी फसवू शकत नाही.

टॅक

बॅटरीची वायर काढली आणि मीटर पॅनेल बाहेर घ्यायला बसलो. स्पीडोमीटरची केबल, ऑइलची नळी आणि मागचा बहुपिनी प्लग सोडला की ते पुढे येतं. ऑइलच्या नळीखाली चिंधी धरायची, नाहीतर पॅन्ट गेली. यात भाऊंचा हात माझ्यापेक्षा हलका. पन्नास वर्षांचं प्लास्टिक कधी कुठून मोडेल सांगता येत नाही, आणि ते बोटांच्या टोकांनी धरायचं कसब त्यांच्याकडे आहे.

पहिल्या नजरेला सगळं टॅकच्या बाजूने. या पिढीत टॅक नसलेल्या पॅनेलवर इंधनाचं मीटर मोठं असतं. टॅक असलं की मोठी जागा टॅकला जाते आणि इंधनाचं मीटर लहान होऊन दुसरीकडे सरकतं. इथे लहानच होतं. मागचं छापील सर्किटही टॅकवाल्या पॅनेलचं. भाऊंच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला लागलं होतं.

पण छापील सर्किट फार स्वच्छ होतं. शेजारच्या मीटरांच्या पाठीवर धुळीचा जो तपकिरी थर होता, तो त्याच्यावर नव्हता. आणि टॅककडून निघालेली वायर बाकी वायरींबरोबर न जाता एकटीच खाली गेली होती. आरसा आणि टॉर्च घेऊन मी पेडलांच्या वर डोकं घातलं. वायर एका वेगळ्या भोकातून इंजिनकडे जात होती. भोकात रबरी बूच नव्हतं, टेप गुंडाळलेली. टेप सोडली. खाली निळ्या प्लास्टिकच्या टोपणातला क्रिम्प, म्हणजे पकडीने दाबून केलेला वायरीचा जोड, दुकानात डबीने मिळतो तसा.

"क्रिम्प म्हणजे दुरुस्तीही असू शकते," भाऊ म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. वायर कधीतरी तुटली असेल आणि कुणी जोडली असेल. जोड नवा म्हणून वायर नवी असं होत नाही.

म्हणून भोकात बोट घातलं. बोटाला पत्र्याची कोर लागली. आरशात पाहिलं तर कड लालसर गंजलेली, रंगाचा मागमूस नाही. सहा इंचांवर ऑइलच्या नळीचं भोक, गुळगुळीत, रंगवलेलं. दोन्ही भोकांचे फोटो काढले आणि भाऊंना दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. यंत्रशाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला भोकाची कड समजावून सांगावी लागत नाही.

तरी मला अजून एक पुरावा हवा होता. समोर मेलेल्या भावाचा शब्द होता, आणि बादलीवर बसलेल्या माणसाला "तुमचा भाऊ चुकत होता" हे नुसत्या एका भोकाच्या जोरावर सांगणं मला जड वाटत होतं. जुन्या ट्रकमध्ये माणसं वायरी बदलतात, भोकं पाडतात, मूळची वायर खराब झाली म्हणून नवी वाट करतात. त्यामुळे पॅनेल परत बसवलं, बॅटरी जोडली आणि इंजिन चालू केलं.

माझा ड्वेल-टॅक मीटर आठ सिलिंडरवर लावून इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला जोडला. भाऊ केबिनमध्ये, मी बॉनेटखाली. माझ्या मीटरवर ६०० असताना भाऊंनी आतून ओरडून सांगितलं, "आठशे!" थ्रॉटल थोडं उघडून ९०० वर धरलं. "बाराशे!" आणखी उघडून १,५०० वर. "दोन हजार!"

वय झालेलं मीटर चुकतं, पण ते कसंही चुकतं. कुठे जास्त, कुठे कमी. हे तीनही ठिकाणी खऱ्या आकड्याच्या नेमकं चार-तृतीयांश दाखवत होतं. याचं कारण इंजिनच्या गणितात आहे. चार-स्ट्रोक व्ही-आठ इंजिन एका फेऱ्याला चार ठिणग्या टाकतं, सहा सिलिंडरचं तीन. टॅक फेरे मोजत नाही, ठिणग्या मोजतं आणि त्यांना भागतं. व्ही-आठच्या टॅकने चाराने भागायला हवं. हे तीनाने भागत होतं, म्हणजे त्याच्या आतलं यंत्र सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी जुळवलेलं होतं. आणि वहीत ई लिहिलेलं होतं. हा ट्रक व्ही-आठ म्हणूनच फ्लिंटमधून बाहेर पडला. फ्लिंटमध्ये व्ही-आठच्या ट्रकला सहाच्या हिशेबाचं टॅक बसवून, त्याची वायर रंगानंतर पाडलेल्या भोकातून नेऊन, निळ्या क्रिम्पने जोडून कुणी गाडी बाहेर काढणार नाही.

निकाल असा लागला. झेड५३ खरं, कागदावरही आणि पत्र्यावरही. यू१६ नव्हतं. ऑइल, तापमान आणि चार्जिंग यांचे तीनही काटे कारखान्याचे. टॅक, लहान इंधनमीटर आणि छापील सर्किट नंतर कुणीतरी हौसेने आणून बसवलेलं, बहुधा त्या भावाच्याही आधीच्या मालकाने. त्या भावाने जे ऐकलं तेच तो चाळीस वर्षं सांगत आला.

मला या निकालात कमीपणा वाटत नाही. टॅकच्या नादात सगळे झेड५३ कडे दुर्लक्ष करतात, पण मूळ शंट, मूळ फ्यूज आणि मूळ ऑइलची नळी एवढं सगळं जागच्या जागी असलेला ट्रक मला वर्षाकाठी एखादा दिसतो. यांपैकी काही ना काही कुणीतरी उपटून टाकलेलं असतंच. उलट नवीन टॅक घालून विकायला काढलेले ट्रक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आम्ही त्या गृहस्थांना फोटो दाखवले, आकडे दाखवले. ते काही बोलले नाहीत. मग उठून फायरवॉलजवळ गेले आणि स्वतःचं बोट दोन्ही भोकांतून फिरवून पाहिलं. १,५०० डॉलर त्यांनी आपणहून सोडले. भाऊंनी त्यांतले ३०० परत दिले, कारण तीन काटे खरे होते आणि त्यांचीही किंमत असते, असं त्यांचं म्हणणं. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

परतीच्या वाटेवर, थालीपीठ खाता खाता, भाऊंनी विचारलं, "ते ग्लोव्ह बॉक्समधलं स्टिकर नवं छापून मिळतं म्हणे?"

"मिळतं."

"त्यात आपण सांगू ते कोड छापतात?"

"छापतात."

थोडा वेळ ते गप्प बसले. मीही काही बोललो नाही. खरं तर मला भीती वाटली होती. फाटलेलं स्टिकर काढून स्वच्छ नवं लावणं यात कुणाला वाईट दिसत नाही, आणि त्या नव्यावर एक ओळ जास्त छापणं हे फार सोपं आहे. अशा एकेका ओळीने जुन्या गाड्यांचा इतिहास पोखरला जातो. दहा वर्षांनी भाऊंच्या मागे हा ट्रक दुसऱ्याकडे गेला की त्या ओळीला खोटं म्हणणारं कुणी उरणार नाही. भोकाची कड तेवढी राहील, पण ती बघायला कुणीतरी पेडलांच्या वर डोकं घालायला हवं.

"नको," भाऊ म्हणाले. "उंदराने खाल्लंय तेवढं राहू दे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी ते फाटकं स्टिकर आहे तसं ठेवून त्यावर पारदर्शक पातळ पत्रा बसवला. त्याच्याखाली एक कागद लावला, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात, वर मराठीत आणि खाली इंग्रजीत. ऑइल, पाणी आणि चार्जिंगचे काटे फ्लिंटच्या कारखान्याचे. टॅक, इंधनाचं मीटर आणि त्यांच्यामागचं सर्किट नंतर बसवलेलं. वायरच्या भोकाचा आणि नळीच्या भोकाचा फोटो, तारखेसह. चार्जिंगचा फ्यूज कधी बदलला तेही. ड्रिलने पाडलेल्या भोकाला त्यांनी कानस मारली, गंज काढला, प्रायमर लावला आणि रबरी बूच बसवलं. आता वायर तरी घासणार नाही. कड मात्र रंगवली नाही, मुद्दाम.

टॅकचं काय करायचं, हे मी त्यांना विचारलं. आतलं यंत्र आठ सिलिंडरला जुळवून घेता येतं, मी करून दिलं असतं. ते म्हणाले, घाई नाही. सांगलीच्या शाळेत गुरुजींनी छडीच्या धाकाने त्यांच्याकडून पाउणकी पाठ करून घेतली होती. आठाची पाउणकी सहा, बाराची नऊ, विसाची पंधरा. टॅक दोन हजार दाखवतं तेव्हा इंजिन दीड हजारावर असतं, हे त्यांना मीटरकडे बघता बघता कळतं. गेल्या रविवारी मी शेजारच्या सीटवर होतो. हायवेला लागताना काटा चोवीसशेवर गेला, आणि भाऊ रस्त्यावरची नजर न काढता पुटपुटले, "अठराशे."